लघवीतून हवा जाते. क्रोन्स आहे. ऑपरेशन झालेल्या कुणी बोलेल का?

कानसेन

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचत आलोय, लिहिलं कधीच नाही. आज लिहितोय, कारण घरच्यांना माझं पुराण पाठ झालंय आणि बाहेरच्यांपुढे काढण्यासारखा हा विषय नाही.

वय ३६. क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) ९ वर्षांपासून, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. काम ध्वनिसंकलनाचं. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या बोलण्यातले श्वास, खुर्चीची करकर, लांबवरचा पंखा निवडून काढत बसायचं. हे एवढ्यासाठी सांगतोय की माझं हे दुखणं मला आधी ऐकू आलं, दुखायला नंतर लागलं.

पाच महिन्यांपूर्वी एकदा लघवी संपता संपता धार तुटली आणि फसफस झालं. सोड्याची बाटली तळाला आल्यावर होतं तसं. वाटलं, भांड्याचा आवाज असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी घरातलं आणि कामावरचं अशी दोन्ही ठिकाणं ताडून पाहिली (हसू नका, सवयच आहे). आवाज माझाच होता.

पुढच्या चार महिन्यांत तीनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला. दर वेळी थंडी वाजून ताप, दर वेळी प्रतिजैविकाचा कोर्स, आठ दिवस बरं, की पुन्हा तेच. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, एका वेळी दोन-तीन प्रकारचे जंतू सापडायचे. तेव्हा लॅबवाले म्हणायचे, नमुना नीट घेतला नसेल, परत द्या. मीही परत द्यायचो. फसफशीबद्दल मात्र एका डॉक्टरलाही बोललो नाही. बोलणार काय? ‘वारा सरतो, पण पुढून’? हे वाक्य मी आरशासमोरसुद्धा धड म्हणू शकलो नाही.

शेवटी लघवीत तपकिरी कण दिसले आणि बोलावंच लागलं. माझ्या पोटाच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “पाच महिने? आणि मला आज सांगताय?” दुसऱ्याच दिवशी सिटी स्कॅन झाला. मूत्राशयात वरच्या बाजूला हवेचा फुगा होता. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, मला आयुष्यात कधी घातलेला नाही, म्हणजे ती हवा बाहेरून आत गेलेली नव्हती. आतड्याचं शेवटचं टोक मूत्राशयाच्या छपराला चिकटलेलं, दोघांच्या मधे पाच सेंटीमीटरचं गळू, आणि मोठ्या आतड्याचा सिग्मॉइड नावाचा भागही त्याच गुंत्यात ओढला गेलेला. साधारण १८ सेंटीमीटर आतडं जाड होऊन अरुंद झालंय.

ठरलंय ते असं. कातडीतून नळी घालून गळू रिकामं करायचं, प्रतिजैविकं द्यायची, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० मिलिग्रॅमवर आहे ते हळूहळू शून्यावर आणायचं, सहा आठवडे फक्त द्रव पोषण, आणि मग दुर्बिणीतून ऑपरेशन. अडालिमुमॅब (क्रोन्ससाठीचं इंजेक्शन, बायोलॉजिक म्हणतात त्या गटातलं) दोन वर्षं चालू आहे.

रात्री झोप उडवणाऱ्या गोष्टी सांगतो. आतड्यातली घाण मूत्राशयात जातेय हे कळल्यावर सहा आठवडे थांबायचं कशाला? तोवर किडन्या टिकतील का? मूत्राशय कापून काढतात की शिवतात? पोटावर शौचाची पिशवी येणारच का? आणि औषध बदलून हे भोक आपोआप बुजलं असं कुणाच्या बाबतीत झालंय का?

---

उंबरठा

दादा, ते आरशासमोरचं वाक्य मलाही सात वर्षांपूर्वी म्हणता आलं नव्हतं. तुम्ही इथे लिहून टाकलंत, बरं केलंत.

माझं अगदी हेच होतं. बायकांमध्ये कमी दिसतं, कारण आतडं आणि मूत्राशय यांच्या मधे गर्भाशय असतं. माझं गर्भाशय आधीच काढलेलं होतं. सर्जनबाई म्हणाल्या, “मधली भिंतच नव्हती ना तुमच्यात, आतडं थेट शेजाऱ्याकडे गेलं.” त्यामुळे ज्या बायकांची ती पिशवी काढलेली आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मूत्राशयाचं ऐकून तुम्हाला नवल वाटेल. माझं शिवलंसुद्धा नाही. आतडं सोडवल्यावर कॅथेटरमधून निळा रंग भरून मूत्राशय फुगवलं आणि कुठून गळतं ते पाहिलं. कुठूनच गळेना! भोक इतकं बारीक की चिकटलेला भाग सुटताच ते मिटून गेलं. दहा दिवस कॅथेटर ठेवून मूत्राशयाला आराम दिला, एवढंच.

पिशवी मात्र लागली. तेव्हा माझं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, पोषण कसं आहे ते त्यावरून कळतं) फार खाली होतं आणि स्टेरॉइड बंद करायला वेळच मिळाला नव्हता, आतडं तुंबलं म्हणून घाईत करावं लागलं. तीन महिन्यांनी ती परत आत घातली. तुम्हाला सहा आठवडे मिळतायत. मला कुणी दिले असते तर मी हातात घड्याळ न बघता थांबले असते.

---

जुना सर्जन

निवृत्त आहे. तुमचा स्कॅन मी पाहिलेला नाही, तेव्हा जे लिहितो ते सर्वसाधारण समजा.

या प्रकारात गुन्हेगार आतडं असतं. मूत्राशय हा निरपराध शेजारी. सिग्मॉइडही बहुतेक वेळा तसाच, उगीच भांडणात ओढला गेलेला. म्हणून खराब आतडं काढायचं आणि शेजाऱ्यांची फक्त डागडुजी करायची. चिमटीने किंवा बोटाने सोडवून घेतलं की मूत्राशयाच्या छपरावर बारीक छिद्र राहतं. ते दिसलं तर विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवतात. मूत्राशयाचा मोठा तुकडा कापण्याची वेळ क्वचितच येते. सिग्मॉइड स्वतः आजारी आहे का हे मात्र आधी कोलोनोस्कोपीने, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून, बघून ठेवावं लागतं. आजारी असेल तर नुसते टाके पुरत नाहीत. मग आतड्याचा नवा जोड आणि मूत्राशय यांच्या मधे वपेचा, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, पदर सरकवून ठेवतात. दोन ताज्या जखमा एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. कॅथेटर आठवडा ते दोन आठवडे. काढण्याआधी पुष्कळ जण मूत्राशयात औषध भरून एक्स-रे घेतात.

आता थांबायचं का, हा प्रश्न. गळू भरलेलं, अंगात स्टेरॉइड आणि पोषण खालावलेलं, अशा पोटात आतडं जोडलं तर जोड सुटायची भीती बरीच वाढते. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमच्या वर सहा आठवड्यांहून जास्त चाललेलं असेल तर आम्ही जोडायला कचरतो. जोडलंच तर वर पिशवी काढून ठेवतो. म्हणजे तुमच्या पिशवीच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या सहा आठवड्यांत ठरणार आहे. नुसत्या द्रव पोषणाने आतड्याची सूज उतरते, वजन वाढतं, कधी कधी कापायची लांबीही कमी होते. हा वेळकाढूपणा नाही. माझ्या मते अर्धं ऑपरेशन तिथेच होतं.

किडनीची काळजी रास्त आहे, पण रोज रात्री जागण्याइतकी नाही. हुडहुडी भरून ताप, कुशीत ठणका, लघवी अडणं किंवा पोट फुगून उलट्या, यातलं काही झालं तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. स्कॅनमध्ये उजवी मूत्रवाहिनी फुगलेली दिसते का हेही विचारून घ्या. आतड्याचा गोळा बाहेरून तिला दाबतो आणि किडनी मुकाट्याने फुगत जाते. तसं असेल तर ऑपरेशनआधी मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालतात, म्हणजे त्या गुंत्यात ती सर्जनच्या हाताला लागते आणि चुकून कापली जात नाही.

औषधाने बुजतं का? काहींचं बुजतं. आतडं अरुंद नसेल आणि गळू नसेल तर प्रयत्न करून बघण्यात चूक नाही. तुमच्याकडे दोन्ही आहेत, शिवाय बायोलॉजिक चालू असताना हे झालंय. मी असतो तर वाट पाहिली नसती. बायोलॉजिकमुळे ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग वाढतो अशी धास्ती आमच्या काळी फार होती. पुढच्या मोठ्या पाहणीत ती तशी टिकली नाही. स्टेरॉइडची धास्ती मात्र टिकून आहे.

आणि तुमची फसफस. वैद्यकशास्त्रात या तक्रारीला इतकं वजन आहे की ‘लघवीतून हवा जाते का’ हा एकच प्रश्न कधी कधी स्कॅनच्या तोडीचा ठरतो. जुनी एक चाचणी आहे. रुग्णाला खसखस पाजायची आणि दोन दिवस लघवी गाळून बघायची. दाणे दिसले की निदान झालं. आजही ती चाचणी कुणी हसण्यावारी नेत नाही. तुमच्याकडे तर खसखशीचीही गरज नव्हती, कान होते.

सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा. ऑपरेशननंतर क्रोन्स परत येण्याचं ते एक ठळक कारण आहे.

---

निसर्गमित्र

ऑपरेशन अजिबात करू नका. २१ दिवस कडक उपास केला की आतड्याची सगळी भोकं सुकतात. माझ्या ओळखीतल्या एकाला फरक पडला.

---

जुना सर्जन

पोटात पाच सेंटीमीटरचं गळू असलेल्या माणसाला उपाशी ठेवणं म्हणजे त्याचे उद्याचे टाके आजच उसवणं. उपास आणि द्रव पोषण यांत फरक आहे. एकात काहीच मिळत नाही, दुसऱ्यात दिवसभराचं सगळं मोजून मिळतं.

---

लंगडी घोडी

माझी गोष्ट थोडी बाजूची आहे, पण कानसेन यांच्या पोटात गळू आहे म्हणून सांगते.

माझं दुखणं पोटात नव्हतंच, उजव्या खुब्यात होतं. सात आठवडे लंगडत होते. खुब्याचा एक्स-रे चांगला, कमरेचा एमआरआय चांगला. व्यायाम दिले, ते केले, आणखी लंगडले. उताणं झोपून पाय सरळ केला की किंकाळी, गुडघा पोटाकडे घेतला की आराम. मी रात्रभर उजवा गुडघा छातीशी धरून पडायचे. घरचे म्हणायचे, तुला झोपायचीसुद्धा वाकडी सवय लागली. क्रोन्स असल्याचं हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे गेले. मीही पुढे गेले, कारण पोट त्या काळात अगदी शहाण्यासारखं वागत होतं.

ताप आला तेव्हा पोटाचा स्कॅन झाला. आतडं मागच्या बाजूला फुटून पू थेट सोआस स्नायूत उतरला होता. हा स्नायू कण्यापासून मांडीपर्यंत जातो आणि पाय वर उचलतो. त्यात पू भरला की पाय सरळ होईना. नळी घातली तेव्हा पहिल्या दिवशी जे बाहेर आलं त्याचं वर्णन इथे नको. तिसऱ्या दिवशी मी पाय पसरून झोपले.

नळी बारा दिवस होती. नंतर दोन महिन्यांनी आतड्याचा तुकडा काढला, कारण पू कितीही काढला तरी नळ चालूच होता. तेव्हा दादा, नळी असताना किंवा ती काढल्यावर पाय सरळ करताना मांडीच्या मुळाशी ओढ लागली, तर ‘झोपताना अवघडलं असेल’ म्हणू नका.

---

पाटीपुस्तक

काका, एक शंका. १८ सेंटीमीटर आतडं कापण्याऐवजी ते रुंद करता येत नाही का? माझ्या भावाचं तसं केलंय.

---

जुना सर्जन

येतं, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. अरुंद जागी आतडं लांबीत उभं चिरायचं आणि आडवं शिवायचं. घेर वाढतो, एक इंचही कापावं लागत नाही. हे सुरू झालं आतड्याच्या क्षयातून. भारतीय सर्जन कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली क्षयाने अरुंद झालेल्या आतड्यांवर असं केल्याचं प्रसिद्ध केलं. ऑक्सफर्डच्या ली यांनी १९८२ मध्ये तीच कल्पना क्रोन्ससाठी मांडली. तोवर आजारी आतड्याला सुई लावायची नाही असाच दंडक होता. दहा सेंटीमीटरपर्यंत साधी पद्धत चालते, त्याहून लांब असेल तर निराळ्या रचना आहेत. ज्यांचं आतडं आधीच दोन-तीनदा कापलं गेलंय त्यांच्यासाठी तर हे वरदानच.

पण जिथे फिस्टुला (दोन अवयवांमध्ये पडलेली आरपार वाट) किंवा गळू आहे त्या जागी हे करत नाहीत. सडलेल्या कापडाला ठिगळ लावून भागत नाही. कानसेन यांचा तो भाग काढावाच लागेल.

---

दुसरी बाजू

मला क्रोन्स नाही, अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण. मोठं आतडं काढलंय, पिशवी कायमची. एकच गोष्ट सांगायला आलो.

पिशवीच्या कडेला मला एक फोड आला, दोन दिवसांत फुटला आणि त्याची जखम झाली. कड जांभळी, आतून पोखरलेली, आणि दुखणं जखमेच्या आकाराला न शोभणारं. एका चांगल्या मनाच्या डॉक्टरांनी जंतू समजून ती कापून साफ केली. आठवड्यात दुप्पट झाली! पुन्हा साफ केली, पुन्हा वाढली. तिसऱ्यांदा त्वचारोगतज्ज्ञाने नुसतं बघून सांगितलं: पायोडर्मा गँग्रिनोसम. नावात गँग्रिन असलं तरी ते गँग्रिन नव्हे आणि जंतूंचं कामही नव्हे. आतड्याच्याच आजाराचा हा चुलतभाऊ. याला जितकं कापाल, टोचाल, तितकं ते चेकाळतं. स्टेरॉइडवर सुरुवात झाली, मग बायोलॉजिक, आणि अडीच महिन्यांत भरलं. आता तिथे चाळणीसारखा व्रण आहे.

पिशवी लागली आणि कडेला असं काही दिसलं, तर कुणी सुरी उचलायच्या आत हे नाव घ्या.

---

कानसेन

सगळ्यांचे आभार. नऊ आठवड्यांनी परत आलोय. काम झालं. एका हाताने टंकतोय, दुसरा अजून पोटावरच असतो.

क्रमाने सांगतो. गळूतली नळी अकरा दिवस राहिली. मांडीत ओढ आली नाही, पण ताई, मी रोज सकाळी पाय सरळ करून बघत होतो, घरच्यांना वाटलं योगासनं सुरू केली. उजवी मूत्रवाहिनी किंचित फुगलेली निघाली (विचारलं म्हणून कळलं), त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी आधी स्टेंट घातला. द्रव पोषणाचे पहिले पाच दिवस नरक. चावायला काही नसलं की माणूस दुसऱ्यांचं चावणं ऐकतो, आणि माझ्यासारख्या माणसाला ते जरा जास्तच ऐकू येतं. पुढे सवय झाली. वजन चार किलो वाढलं, अल्ब्युमिन २.६ वरून ३.४ वर आलं, प्रेडनिसोलोन शून्यावर. सिगारेट दिवसाला पाच होत्या. इथे मुद्दामच लिहिलं नव्हतं. काकांनी न विचारताच पकडलं. बंद आहेत.

आदल्या दिवशी पिशवीसाठी पोटावर खूण केली. नर्सबाईंनी मला बसवलं, वाकवलं, उभं केलं, पॅंटचा पट्टा कुठे येतो ते पाहिलं, आणि घडी पडणार नाही अशी जागा शोधून काळ्या मार्करने ठिपका काढला. म्हणाल्या, लागली तर तुमच्या सोयीच्या जागी असावी, नाही लागली तर साबणाने जाईल. आख्ख्या प्रवासात मी एकदाच रडलो, तो या ठिपक्यापाशी. का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

साडेचार तास लागले. लहान आतड्याचं टोक, त्याला लागून असलेली मोठ्या आतड्याची सुरुवात आणि अपेंडिक्स, असं सगळं मिळून ३२ सेंटीमीटर गेलं. सिग्मॉइड खरंच निरपराध होता, दोन टाक्यांत सुटला. मूत्राशयाचं छिद्र टाचणीएवढं, तेही शिवलं, मधे वपेचा पदर. ठिपका साबणाने गेला.

कॅथेटर दहा दिवस. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून सांगतो, माझ्यापुरता सगळ्यात जास्त त्रास त्याचाच. मूत्राशय मधूनच आवळायचं आणि नळी असतानाही नळीच्या बाजूने लघवी आल्यासारखं वाटायचं. त्यावर गोळी असते, तीन दिवस मुकाट सोसल्यावर मला कळलं. मागून घ्या. अकराव्या दिवशी मूत्राशय भरून एक्स-रे घेतला, गळती नव्हती, नळी काढली. स्टेंटही निघाला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात टोचायची इंजेक्शनं घरी आल्यावरही चालू आहेत, एकूण चार आठवडे घ्यायची.

आता पाण्यासारखे जुलाब होतात, दिवसातून पाच-सहा वेळा. मी घाबरलो, वाटलं आजार इतक्यात परत आला.

---

जुना सर्जन

बहुधा पित्त आहे, आजार नव्हे. पित्तक्षार परत शोषून घ्यायचं काम त्याच शेवटच्या टुकड्याचं, तो आता नाही. ते क्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि त्याला चिडवतात. कोलेस्टिरामिन नावाची पूड असते, ती क्षार धरून ठेवते. डॉक्टरांना विचारा, पण बाकीची औषधं आणि ही पूड एकाच वेळी घेऊ नका, ती त्यांनाही धरून ठेवते. बी-१२ही तिथेच शोषलं जातं, त्याची पातळी बघत राहा. पाणी भरपूर प्या. अशा आतड्यात ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि मूतखडे होतात. तुमच्या मूत्रमार्गाने एवढ्यात पुरेसं भोगलंय.

सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी करून जोड बघायचा, बरं वाटत असलं तरी. क्रोन्स जोडावर आधी डोळ्यांना दिसतो, त्रास नंतर सुरू होतो.

---

उंबरठा

सगळं लिहिलंत, पण मुद्द्याचं राहिलं. आवाज?

---

कानसेन

बंद. नळी काढल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा खात्री पटेना म्हणून बाहेर येऊन पंखा बंद केला, पुन्हा आत गेलो, आणि अर्थातच लघवीच आली नाही. तासाभराने परत गेलो. नुसतं पाणी. जळजळ अजून आहे, आणि धार मधेच अडते. ते किती दिवस चालतं?

---

उंबरठा

माझं नऊ दिवस चाललं होतं. ताप आला तर थांबू नका.